आपले नाव आपणच ठेवावे : कृष्णवर्णीय कवी आणि मराठी दलित कविता

पुण्याच्या शनिवार पेठेत ‘साधना’ साप्ताहिकाची कचेरी आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या या साप्ताहिकाने १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, एक विशेषांक काढला. यदुनाथ थत्ते तेव्हा संपादक होते. विशेषांकाची जुळणी अनिल अवचट यांनी केली होती. देशभर उत्सव चालू असताना पंचवीस वर्षांच्या स्वातंत्र्याने दलितांच्या पदरात काय टाकले, असा प्रश्न या अंकाने उभा केला आणि त्याचे उत्तर देण्यासाठी दलित लेखकांना पाने मोकळी करून दिली. त्यातील राजा ढाले यांच्या लेखाचे शीर्षक होते ‘काळा स्वातंत्र्यदिन’. राष्ट्रध्वजाच्या अवमानाबद्दल कायद्याने होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूला हात घातल्याबद्दल होणारा दंड यांची तुलना या लेखात होती. लेख प्रसिद्ध होताच महाराष्ट्रात वादळ उठले.

या शीर्षकातील ‘काळा’ हा शब्द विद्यार्थ्यांनी क्षणभर निरखून पाहावा. काळा दिवस, काळा बाजार, काळी कृत्ये, तोंड काळे करणे असे मराठीतील किती तरी शब्दप्रयोग या रंगाला अशुभ ठरवतात. ढाले यांनीही तो शोकाच्या रूढ अर्थानेच वापरला. परंतु त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत, हाच शब्द उलट्या दिशेने चालला होता. ज्यांना शतकानुशतके या रंगावरून हिणवले गेले, त्यांनी तो रंग स्वतःहून अंगीकारला व ‘काळा’ हा अभिमानाचा शब्द केला. आणि ज्या वर्षी शनिवार पेठेतील साप्ताहिकात हा लेख आला, त्याच १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या एका संघटनेने अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून आपले नाव घेतले : ‘दलित पँथर’.

नाव कोणी ठेवायचे, हा प्रश्न कवितेच्या मुळाशी असतो. प्रस्तुत पाठात आपण त्याच प्रश्नाच्या प्रकाशात कृष्णवर्णीय अमेरिकन कवी आणि मराठी दलित कवी यांचा एकत्र विचार करणार आहोत.

आत्माविष्कार म्हणजे काय?

कविता हा आत्माविष्कार आहे, असे आपण वर्गात शिकतो. मनात दाटलेली भावना उत्स्फूर्तपणे शब्दांतून बाहेर येते आणि कविता होते, अशी त्याची फोडही करून दिली जाते. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे. कवीजवळ ‘आत्म’ म्हणून काही आधीपासून सिद्ध आहे, आणि ते तो निर्वेधपणे उच्चारू शकतो, असे ती मानते.

ज्या समाजाचे वर्णन नेहमी दुसऱ्यांनीच केले, त्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. तो समाज कसा आहे, त्याची बुद्धी किती, त्याची भाषा कशी, त्याची जागा कोठे, हे सारे इतरांनी ग्रंथांत, म्हणींत, शिव्यांत आणि दप्तरांत आधीच लिहून ठेवलेले असते. अशा समाजातील मूल जेव्हा लेखणी हाती घेते, तेव्हा कोऱ्या पाटीवर लिहिण्याचे भाग्य त्याला लाभत नाही. त्याला आधी दुसऱ्यांची अक्षरे पुसावी लागतात. म्हणून त्याच्या कवितेत ‘मला काय वाटते’ याच्या आधी ‘मी कोण आहे’ हा प्रश्न येतो. या प्रश्नाला स्वतः दिलेले उत्तर म्हणजेच त्याचा आत्माविष्कार होय.

जहाजाचे नाव, मालकाचे आडनाव

याचे सर्वांत बोलके उदाहरण अठराव्या शतकातील आहे. सन १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी बोस्टन शहरात विकली गेली. जॉन व्हीटली नावाच्या गृहस्थाने तिला विकत घेतले. ज्या जहाजातून ती आली, त्याचे नाव ‘फिलिस’ होते. तिचे नाव फिलिस व्हीटली ठेवले गेले : जहाजाचे नाव आणि मालकाचे आडनाव. आईबापांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हे इतिहासाला ठाऊक नाही.

या मुलीने त्या घरात लिहिणे-वाचणे आत्मसात केले, लॅटिनचा अभ्यास केला आणि विशीच्या आसपास तिचा कवितासंग्रह १७७३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्या पुस्तकाच्या आरंभी एक निवेदन छापलेले आहे. या कविता खरोखर याच मुलीच्या आहेत, अशी ग्वाही देणाऱ्या बोस्टनमधील अठरा प्रतिष्ठित पुरुषांची नावे त्याखाली आहेत; त्यांत गव्हर्नर, व्यापारी आणि धर्मोपदेशक आहेत. गुलाम मुलगी कविता लिहू शकते, यावर साक्षीदारांशिवाय कोणी विश्वास ठेवला नसता. ज्या काळात एखाद्या गोऱ्या कवीच्या पुस्तकाला असे प्रमाणपत्र जोडण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती, त्या काळात तिला आपल्या बुद्धीसाठी जामीन आणावे लागले.

नावाची ही कथा आपल्याकडेही आहे. दलित कवितेतील एक महत्त्वाचे नाव म्हणजे दया पवार. त्यांचा ‘कोंडवाडा’ हा संग्रह १९७४ साली आला आणि ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली. त्यांचे मूळ नाव होते दगडू मारुती पवार. दगडू, धोंडू, कचरू ही नावे आपल्या खेड्यापाड्यांत सर्रास आढळतात. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ती ठेवली जात, हे खरे. पण ज्यांच्या वाट्याला गावाने कायमच तुच्छता दिली, त्यांच्या कानाला त्या नावांचा निराळा अर्थ ऐकू येई. ‘बलुतं’मध्ये दगडू आणि दया हे दोघे परस्परांशी बोलतात. एक ओळख गावाने दिलेली, दुसरी लेखणीने मिळवलेली. दोघांपैकी कोणालाही लेखकाने हाकलून दिले नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. आपले नाव आपण ठेवणे म्हणजे जुने नाव लपवणे नव्हे.

साक्षीदारांशिवाय उभा राहिलेला आवाज

व्हीटलीच्या पुस्तकानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी पुण्यात जे घडले, ते या संदर्भात आठवले पाहिजे. शनिवारवाड्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, बुधवार पेठेतील भिडेवाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणारे केशवसुत यांचा जन्म १८६६ सालचा. म्हणजे ‘काव्यफुले’ त्यांच्या जन्माआधी बारा वर्षे छापले गेले होते. तरीही मराठी कवितेच्या इतिहासात सावित्रीबाईंचे कवी म्हणून नाव फार उशिरा आले. शिक्षिका म्हणून त्यांना वंदन झाले; कवयित्री म्हणून त्यांचे वाचन मात्र राहून गेले.

त्यानंतर एकच वर्षाने, १८५५ साली, फुले दाम्पत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. पेशवाईत आपल्या पूर्वजांना काय भोगावे लागले, हे तिने त्यात लिहिले आणि ज्या धर्मात आपल्याला स्थान नाही, तो धर्म आपला कसा, असा रोखठोक प्रश्न केला. हे गद्य आहे, कविता नाही. तरी या पाठात त्याला स्थान द्यावेच लागते. कारण ज्यांच्याविषयी नेहमी इतरच बोलत आले, त्या समाजातील एक मुलगी येथे ‘आम्ही’ हे सर्वनाम स्वतः उच्चारते. तिला अठरा जामिनांची गरज भासली नाही. तिला शिकवणारी शाळा मात्र लागली. आवाज जन्मजात असतो हे खरे. परंतु तो कागदावर उमटण्यासाठी कोणीतरी शाळा काढावी लागते, ही गोष्ट निवासी शाळेत वाढलेल्या विद्यार्थ्यास वेगळी सांगायला नको.

भाषा कोणाची?

नावानंतरचा दुसरा प्रश्न भाषेचा. ओहायो राज्यातील डेटन येथे १८७२ साली जन्मलेले पॉल लॉरेन्स डन्बार यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. शाळेत हुशार ठरलेल्या या तरुणाला नोकरी मिळाली ती इमारतीतील लिफ्ट चालवण्याची. आपला पहिला संग्रह त्यांनी त्या लिफ्टमधून ये-जा करणाऱ्यांना विकला. डन्बार दोन भाषांत लिहीत : एक प्रमाण इंग्रजी, दुसरी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची बोली. विख्यात समीक्षक विल्यम डीन हॉवेल्स यांनी १८९६ साली त्यांची प्रशंसा केली. पण ती मुख्यतः बोलीतील कवितांची. कीर्ती मिळाली आणि तिच्याबरोबर कुंपणही आले. वाचकांना त्यांच्याकडून बोलीच हवी होती, तीही गमतीची. त्यांच्या गंभीर कवितांकडे लोक दुर्लक्ष करत, याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १९०६ साली, ते निधन पावले.

येथे अडचण बोलीत नव्हती. कवीने कोणत्या भाषेत बोलावे, हे इतरांनी ठरवले, ही खरी अडचण होती. पुढच्या पिढीतील लँगस्टन ह्यूज यांनी ही कोंडी फोडली.  तरुण वयात वडिलांना भेटायला मेक्सिकोला जाताना, आगगाडी मिसिसिपी नदी ओलांडत असता, त्यांनी नद्यांविषयीची आपली प्रसिद्ध कविता लिहिली. युफ्रेटिस, काँगो, नाईल आणि मिसिसिपी या चार नद्यांच्या काठाने ती कविता आपल्या लोकांचा इतिहास मोजते. गुलामांच्या बाजारापासून सुरू होणारा इतिहास तिने संस्कृतीच्या उगमापर्यंत मागे नेला. पुढे १९२६ साली आलेल्या पहिल्या संग्रहात त्यांनी ‘ब्लूज’ या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या गाण्याचा घाट कवितेत आणला. आपल्या लोकांची भाषा करमणुकीसाठी न वापरता तिच्यात दुःख, विनोद आणि विचार एकत्र मांडता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

मराठीत हेच काम नामदेव ढसाळ यांनी केले. त्यांचा जन्म १९४९ साली पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या पूर या गावी झाला. बालपण मुंबईत कामाठीपुऱ्याच्या परिसरात गेले. काही काळ त्यांनी टॅक्सी चालवली. १९७२ साली आलेल्या ‘गोलपिठा’ या त्यांच्या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. त्या कवितांतील अनेक शब्द तेंडुलकरांसारख्या जाणत्या लेखकालाही अपरिचित होते आणि ते विचारून घ्यावे लागले. यातला बोध साधा आहे. जे शब्द मराठी शब्दकोशात नव्हते, ते मराठी माणसांच्या तोंडी मात्र होते. उणीव त्या माणसांत नव्हती, कोशात होती. ढसाळांच्या कवितेनंतर मराठीची हद्दच वाढली. पुढे दिलीप चित्रे यांनी या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला आणि २००४ साली साहित्य अकादमीने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ढसाळांचा जीवनगौरव केला.

ब्लूजचे आपल्याकडील भावंड शोधायचे झाल्यास ते आंबेडकरी जलशांत आणि शाहिरीत सापडेल. वामनदादा कर्डक यांची गाणी ज्या वस्त्यांत मुखोद्गत होती, तेथील कित्येकांनी छापील पुस्तक हाती धरलेले नव्हते. छापील दलित कविता येण्यापूर्वी गायिलेली कविता लोकांपर्यंत पोहोचली होती. कान आधी तयार झाले, मग डोळे.

दोन प्रवाहांची भेट

हे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही प्रवाह एकमेकांकडे जाणीवपूर्वक पाहत आले आहेत. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी ओळखले की तिकडची बेडी आणि इकडची बेडी यांचा लोहार वेगळा असला, तरी लोखंड एकच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे करण्यात आलेल्या अर्जाची विचारणा केली. ड्यु बॉइस यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तर दिले. लँगस्टन ह्यूज यांची नद्यांवरील कविता १९२१ साली ज्या ‘क्रायसिस’ मासिकात प्रथम छापली गेली, त्याचे संपादक हेच ड्यु बॉइस होते. राजकीय हक्कांची भाषा आणि कवितेची भाषा एकाच अंगणात वाढत होती, हे यावरून ध्यानी येते.

मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाने, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, लेखकांची एक पिढी घडवली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याचा परिचय करून देऊन दलित लेखकांनी ते अभ्यासावे असा आग्रह धरला. ‘निग्रो’ हा शब्द त्या काळी रूढ होता. आज तो अवमानकारक मानला जात असल्याने आपण ‘कृष्णवर्णीय’ म्हणतो. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने या विचारमंथनाला व्यासपीठ दिले आणि जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृती या विषयावर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

‘ब्लॅक पँथर’ ही संघटना १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे निघाली. तिच्यावरून नाव घेणाऱ्या ‘दलित पँथर’चे एक वैशिष्ट्य आहे. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे हे तिचे अग्रणी प्रामुख्याने कवी आणि लेखक होते. सभा, मोर्चे आणि कविता ही कामे त्यांच्या लेखी वेगळी नव्हती.

साम्याबरोबर भेदही समजून घ्यावा, नाही तर अभ्यास अपुरा राहील. रंग डोळ्यांना दिसतो. जात दिसत नाही, ती विचारली जाते. शहरात खोली भाड्याने घेताना आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग आळी. कृष्णवर्णीयाला आपली ओळख लपवता येत नाही. दलिताला ती लपवण्याचा मोह होतो आणि ती उघड होण्याची भीती वाटत राहते. त्यामुळे दलित कवीच्या बाबतीत स्वतःचे नाव उघडपणे उच्चारणे हेच एक धाडस ठरते. शिवाय अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने लादली आणि कायद्यानेच काढली. जातीला धर्मग्रंथांचे अधिष्ठान होते. म्हणून दलित कवीला कायद्याशी जितके झगडावे लागले, तितकेच देवाशी आणि ग्रंथाशीही.

केवळ कवी, की आपल्या लोकांचा कवी?

ह्यूज यांनी १९२६ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधाचा आरंभ एका तरुण कवीच्या उद्गाराने होतो. मला कवी व्हायचे आहे, निग्रो कवी नव्हे, अशा आशयाचे तो बोलला होता. ह्यूज यांना त्यात वेगळीच इच्छा दिसली. या तरुणाला मनातून गोरे व्हायचे आहे, असे त्यांनी म्हटले. हा वाद आपल्याकडेही झाला आणि अजून होतो. ‘दलित कवी’ म्हटल्याने कवीची उंची कमी होते का? ‘केवळ कवी’ हे बिरुद खरोखर निर्विशेष आहे का, की त्यामागेही एका वर्गाची ओळख दडलेली असते?

यावर एकच उत्तर नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. शिकागोच्या ग्वेन्डोलिन ब्रूक्स यांची पहिली कविता त्या तेरा वर्षांच्या असताना छापली गेली. १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. एवढी मान्यता मिळाल्यानंतर, १९६७ साली कृष्णवर्णीय लेखकांच्या एका परिषदेत तरुण कवींना ऐकून त्यांनी आपली वाट बदलली. मोठे प्रकाशनगृह सोडून डेट्रॉइटमधील एका लहान कृष्णवर्णीय प्रकाशनाकडे आपली पुस्तके दिली आणि शाळकरी मुलांच्या काव्यस्पर्धांसाठी स्वतःच्या खिशातून बक्षिसे दिली.

मराठीत राजा ढाले यांना पुढे ‘दलित साहित्य’ ही संज्ञाच अमान्य झाली. त्यांनी ‘फुले-आंबेडकरी’ ही ओळख पसंत केली. यशवंत मनोहर यांनी ‘आंबेडकरवादी’ ही संज्ञा पुढे आणली. १९५६ सालच्या धम्मदीक्षेनंतर लाखो लोकांनी ‘बौद्ध’ हे नाव धारण केले होतेच. तिकडेही ‘निग्रो’, ‘ब्लॅक’, ‘आफ्रिकन अमेरिकन’ अशी नावे बदलत गेली. हा गोंधळ नव्हे. ज्यांना पूर्वी इतरांनी नावे दिली, ते आता आपसांत चर्चा करून स्वतःचे नाव ठरवत आहेत. मतभेद असणे हे या हक्काचेच लक्षण आहे.

स्त्रियांनी विचारलेले प्रश्न

नाव घेण्याच्या या प्रक्रियेत स्त्रियांना एक पायरी अधिक चढावी लागली. माया अँजेलो यांचे जन्मनाव मार्गेरिट जॉन्सन. बालपणी अत्याचाराचा आघात झाल्यावर त्या सुमारे पाच वर्षे जवळजवळ कोणाशीही बोलल्या नाहीत. गावातील बर्था फ्लॉवर्स नावाच्या सुविद्य बाईंनी त्यांना पुस्तके दिली आणि ती मोठ्याने वाचायला सांगितली. कविता कानाला लागली आणि वाणी परत आली. १९६९ सालच्या आपल्या आत्मकथनाचे शीर्षक त्यांनी डन्बार यांच्या एका कवितेतून घेतले. ज्या कवीच्या गंभीर कवितांकडे त्याच्या काळाने पाठ फिरवली होती, त्याचा शब्द सत्तर वर्षांनी एका मुक्या झालेल्या मुलीच्या कथेचे नाव झाला. १९९३ साली राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत अँजेलो यांनी आपली कविता वाचली. २०२१ साली त्याच ठिकाणी बावीस वर्षांच्या अमांडा गोर्मन उभ्या राहिल्या. ऑड्रे लॉर्ड यांनी तर १९७७ सालच्या निबंधात कविता ही स्त्रियांसाठी चैनीची वस्तू नसून जगण्याची गरज आहे, असे प्रतिपादन केले.

मराठीत हिरा बनसोडे, ज्योती लांजेवार, प्रज्ञा दया पवार यांनी जात आणि पुरुषसत्ता या दोहोंना एकाच वेळी प्रश्न विचारले. हिरा बनसोडे यांची यशोधरेवरील कविता येथे विशेष उल्लेखनीय आहे. सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची कथा आपण श्रद्धेने सांगतो. मागे राहिलेल्या यशोधरेच्या दुःखाकडे ही कवयित्री आपले लक्ष वळवते. श्रद्धा न सोडता प्रश्न विचारता येतो, आपल्या परंपरेच्या आत उभे राहूनही अनुच्चारित आवाज ऐकता येतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

विद्यार्थ्यांसाठी

या पाठाचा उपयोग वाचनापुरता राहू नये म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना अनुकरणाविषयी. ‘गोलपिठा’नंतर तशा भाषेची नक्कल पुष्कळ झाली. उसन्या शिव्या आणि उसना संताप यांतून कविता होत नाही. ढसाळांनी आपल्या गल्लीचे शब्द लिहिले. तुम्ही तुमच्या वस्तीचे, तुमच्या आजीचे, तुमच्या वसतिगृहाचे शब्द शोधा. तुमच्या वाट्याला संतापाऐवजी आनंद किंवा कुतूहल आले असेल, तर तोही तुमचाच आवाज आहे. ह्यूज हसतही लिहीत.

दुसरी सूचना : घरी बोलले जाणारे आणि पाठ्यपुस्तकात न आढळणारे दहा शब्द वहीत उतरवा. प्रत्येकापुढे तो शब्द कोण, कोणत्या प्रसंगी वापरते हे लिहा. त्यांपैकी तीन शब्द वापरून आठ ओळी लिहा. यमक जुळलेच पाहिजे असे नाही.

तिसरी : आपले नाव कोणी ठेवले, का ठेवले, ते वडीलधाऱ्यांना विचारा. ते नाव कोण कोणत्या सुरात उच्चारतो, याचा विचार करून एक परिच्छेद लिहा.

चौथी : वर्गात एका विद्यार्थ्याने कविता मोठ्याने वाचावी आणि इतरांनी डोळे मिटून ऐकावे. वाचून झाल्यावर ‘छान’ वा ‘वाईट’ न म्हणता कोणता शब्द मनात राहिला, एवढेच सांगावे.

पाचवी : ग्रंथालयातून सावित्रीबाई, दया पवार, नामदेव ढसाळ, हिरा बनसोडे यांपैकी एकाचा संग्रह आणि एखाद्या कृष्णवर्णीय कवीच्या कवितांचा मराठी अनुवाद घ्या. दोघांनी स्वतःला कोणत्या शब्दांनी ओळखले आहे, त्या शब्दांच्या दोन याद्या करा. याद्यांतील साम्य पाहा. भेद अधिक काळजीने पाहा.

दर वर्षी ३ जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती येते. त्या दिवशी भाषणांबरोबर मुलांनी स्वतः लिहिलेल्या कवितांचे वाचन ठेवावे, आणि प्रत्येकाने कवितेच्या आधी आपले पूर्ण नाव स्वच्छ आवाजात सांगावे.